सीमेवरची नदी, लहान वीजघर आणि पाण्याची पाळी



मोशीचा पूल आपल्यापैकी बऱ्याच जणांनी आज संध्याकाळीही ओलांडला असेल. पुलाखाली इंद्रायणी. कुरुळीकडून निघालं की पुलाच्या अलीकडे खेड तालुका आणि पलीकडे हवेली. अलीकडे ग्रामपंचायती, पलीकडे महानगरपालिका. वाहतुकीत अडकलो की खाली काळपट, कधी फेसाळलेलं पाणी दिसतं आणि आपण गाडीची काच वर करतो. पण ही नदी सीमेवरची नदी आहे, हे आपल्या मनात येत नाही. सीमा म्हटलं की आपल्याला काश्मीर आठवतं, फार तर बेळगाव.

आजचा विषय आहे सीमेवरच्या नदीवर लहान जलविद्युत केंद्र उभं करण्याचा. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना विजेतलं काय कळतं, असं कुणाला वाटलं तर ते रास्तच आहे. टर्बाइन काही आम्ही बसवून देऊ शकणार नाही. पण टर्बाइन बसवल्यावर जे भांडण सुरू होतं ते 'माझं' आणि 'तुझं' या दोन शब्दांचं असतं. त्या शब्दांशी आमचा जुना परिचय आहे.

व्याख्यानाआधी इथल्याच एका कारखान्यात काम करणाऱ्या तरुण इंजिनिअरने आम्हाला गाठलं. म्हणाला, "सर, वीजघर पाणी पीत नाही. वरून घेतं, खाली सोडतं. जेवढं आलं तेवढंच पुढे जातं. मग दोन राज्यं भांडतात तरी कशावर?" प्रश्न इतका चांगला होता की आम्ही टिपणं बाजूला ठेवली आणि त्याच प्रश्नाच्या उत्तरालाच आजचं व्याख्यान मानायचं ठरवलं.

आधी साधा हिशेब

पाण्यापासून वीज मिळते ती पाण्याच्या वजनामुळे आणि ते ज्या उंचीवरून पडतं त्या उंचीमुळे. बाकी सगळी यंत्रं ही त्या पडण्यातली शक्ती पकडण्यासाठी. सेकंदाला १ घनमीटर, म्हणजे १ हजार लिटर पाणी १० मीटर खाली आलं, तर कागदावर ९८ किलोवॉट मिळतात. घर्षण, टर्बाइन, जनित्र यांचा वाटा वजा जाता हातात साधारण ८० येतात. उंची दुप्पट केली तर वीज दुप्पट, पाणी दुप्पट केलं तरी दुप्पट. गणित एवढंच आहे.

हे आपल्या भाषेत सांगू. उन्हाळ्यात आपल्या सोसायट्यांमध्ये १० हजार लिटरचा टँकर येतो. असा एक टँकर बोरघाटाच्या माथ्यावरून नळातून खोपोलीला सोडला, म्हणजे सुमारे ५०० मीटर खाली, तर ११-१२ युनिट वीज होईल. एका घराची एक-दोन दिवसांची सोय. तोच टँकर १० मीटरच्या बंधाऱ्यावरून सोडला तर पाव युनिटसुद्धा होत नाही. पाणी तेच, टँकर तोच, उंची बदलली. म्हणून घाटमाथ्यावर थोड्या पाण्यात मोठी वीज होते आणि पठारावरच्या संथ नदीवर लहानशी वीज करायलासुद्धा ढीगभर पाणी लागतं.

आपल्या देशात २५ मेगावॉटपर्यंतच्या केंद्राला लहान जलविद्युत केंद्र म्हणतात. महाराष्ट्रात अशी बरीचशी केंद्रं धरणाच्या पायथ्याशी आहेत. पवनेला १० मेगावॉट, पानशेतला ८, डिंभ्याला ५. त्यांची रीत अशी, की शेतीसाठी आवर्तन सोडायचंच आहे, नाहीतर पिण्यासाठी नदीत पाणी द्यायचंच आहे; मग ते जाताजाता टर्बाइनमधून जाऊ द्या. वीज हा इथे वरचा फायदा असतो. २००५ साली राज्याने लहान प्रकल्पांचं धोरण आणलं आणि खासगी कंपन्यांना बांधा-वापरा-हस्तांतरित करा या पद्धतीने अशी केंद्रं घेता येऊ लागली.

इथवर आपला तरुण मित्र बरोबर आहे. पवनेचं टर्बाइन पवनेचं पाणी पीत नाही. पण नदी सीमेवर आली की त्याच्या वाक्यातला एकेक शब्द तपासावा लागतो. 'वरून घेतं' म्हणजे कुणाच्या उंचीवरून? 'खाली सोडतं' म्हणजे कुणाच्या खाली? 'जेवढं आलं तेवढंच जातं', हे कबूल. पण कधी जातं? आमच्या मते नदीवरच्या वीजघरात वाटून घेण्यासारख्या तीन गोष्टी असतात: पाणी, उंची आणि वेळ. भांडणं बहुधा पाण्याच्या नावाने होतात. खरं दुखणं पुष्कळदा बाकीच्या दोन गोष्टींत असतं.

पाणी: वळवणची गोष्ट

पहिल्यांदा पाणीच घेऊ, आणि तेही आपल्याच नदीचं. इंद्रायणी उगवते लोणावळ्याच्या परिसरात. तिथे वळवणचं धरण आहे, टाटांचं. १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं, मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. या तिन्ही ठिकाणी कल्पना एकच: नदी पूर्वेला पठारावर वाहत असते, तिला माथ्यावरच अडवायची आणि पश्चिमेला कोकणात खाली सोडायची. ५०० मीटरची उंची मिळते. अभियांत्रिकी म्हणून ही शंभर वर्षांपूर्वीची अव्वल कामगिरी आहे आणि तिला कमी लेखण्याचं कारण नाही.

पण आता 'वीजघर पाणी पीत नाही' हे वाक्य मोशीच्या पुलावर उभं राहून म्हणून पाहा. खोपोलीत उभ्या माणसाच्या दृष्टीने ते खरं आहे, त्याला टर्बाइनमधून निघालेलं अवजल मिळतं. मोशीत, आळंदीत, तुळापुरात, पंढरपुरात उभ्या माणसाच्या दृष्टीने ते खोटं आहे. त्याच्या खोऱ्यातून पाणी निघून गेलं, ते परत येणार नाही. तेव्हा वीजघर पाणी पितं की नाही, हे टर्बाइनकडे पाहून ठरत नाही. आपण नदीच्या कोणत्या काठावर उभे आहोत, त्यावर ते ठरतं.

कृष्णा पाणीवाटप लवादाने, ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो, १९७० च्या दशकात नेमका हाच मुद्दा विचारात घेतला. टाटांच्या वीजघरांसाठी भीमेच्या वरच्या खोऱ्यातून पश्चिमेला वळवायचं पाणी एका जलवर्षात ५४.५ टीएमसीपेक्षा जास्त नको आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीपेक्षा जास्त नको, असं बंधन घातलं. दुसरा आकडा लक्षात ठेवा. २१२ ला पाचाने भागलं तर वर्षाला सरासरी ४२.४ येतात. म्हणजे एखाद्या वर्षी जास्त घ्याल, पण मग पुढच्या वर्षांत हात आखडावा लागेल. लवादाने नुसतं पाणी वाटलं नाही, पाण्यावर कॅलेंडरही बसवलं. या कॅलेंडरकडे आपण परत येणारच आहोत.

उंची आणि काठ: तिलारी, पेंच, महाकाली

आता दुसरी गोष्ट, उंची. उंची ही विचित्र मालमत्ता आहे. ती सातबाऱ्यावर लागत नाही. पण तिच्यावाचून पाणी म्हणजे नुसतं पाणी.

तिलारी नदी पाहा. ती कोल्हापूर जिल्ह्यात चंदगडच्या घाटमाथ्यावर जन्मते, सिंधुदुर्गात दोडामार्गात उतरते आणि गोव्यात शापोरा होऊन समुद्राला मिळते. उंची सगळी महाराष्ट्रात. म्हणून वर धरण आणि घाटाच्या पायथ्याला वीजघर, साठेक मेगावॉटचं, महाराष्ट्राने केलं. २५ च्या मापात ते लहान ठरत नाही, पण धडा लहान केंद्रालाही लागू आहे. त्या वीजघरातून निघालेलं पाणी खाली दोडामार्गातल्या मातीच्या धरणात साठतं आणि ते धरण दोन राज्यांचं आहे. १९९० साली महाराष्ट्र आणि गोवा यांच्यात करार झाला. खर्चाचा वाटा गोव्याचा ७३.३० टक्के, महाराष्ट्राचा २६.७०. आज त्या कालव्याला भगदाड पडलं तर बार्देशातले नळ कोरडे पडतात. अशी ही वाटणी: वरच्याने उंची घेतली, खालच्याने पाणी घेतलं आणि पैसे पाण्याच्या हिशेबाने दिले. सीमेवरच्या नदीवर दोघांना एकच वस्तू हवी असते असं नाही. दोघांच्या गरजा वेगळ्या असतील तर करार सोपा होतो, हे तिलारी सांगते.

दोघांनाही वीज हवी असेल तर? तिकडे विदर्भात पेंच नदीवर तोतलाडोह आहे, मध्य प्रदेशाच्या सीमेवर. १६० मेगावॉट. वीज दोन तृतीयांश मध्य प्रदेशाला, एक तृतीयांश महाराष्ट्राला. टर्बाइनमधून गेलेलं पाणी खाली कामठी खैरीच्या धरणात येतं आणि तिथून नागपूरची तहान भागते. वर्षानुवर्षं हे ठीक चाललं. मग मध्य प्रदेशाने वर छिंदवाडा जिल्ह्यात चौराईचं धरण बांधलं आणि तोतलाडोहात येणारं पाणी घटलं. २०१९ च्या पावसाळ्यात नागपूरला एक दिवसाआड पाणी द्यायची वेळ आली. विजेचा वाटा कागदावर एक तृतीयांशच राहिला; पण पाणीच आलं नाही तर कशाचा एक तृतीयांश?

आणि उंचीला चिकटून येतो काठ. बांध घालायचा तर त्याला दोन टोकं लागतात. नदी सीमेवर असेल तर एक टोक दुसऱ्याच्या जमिनीत जातं. भारत आणि नेपाळ यांच्यामध्ये महाकाली नदी आहे. टनकपूरला भारताने बराज आणि वीजघर बांधलं, जवळजवळ सगळं आपल्या हद्दीत. पण फुगवट्याचं पाणी पसरू नये म्हणून डावा बांध नेपाळच्या उंच जमिनीला नेऊन भिडवावा लागला. लांबी ५७७ मीटर, जमीन २.९ हेक्टर. आपल्या मोजमापात सात एकर. चाकणात एवढ्या प्लॉटवर एक मध्यम कारखानाही धड बसत नाही. त्या सात एकरांवरून नेपाळचं राजकारण काही वर्षं ढवळून निघालं, तिथल्या सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि शेवटी १९९६ च्या महाकाली करारात नेपाळला दरवर्षी ७ कोटी युनिट वीज विनामूल्य द्यायचं ठरलं, शिवाय ठरावीक पाणी. जमिनीच्या भावात हे बसत नाही. पण काठ नसेल तर बांध नाही, आणि बांध नसेल तर वीज नाही. त्या सात एकरांची किंमत त्या हिशेबाने ठरली.

वेळ: सगळ्यात दुर्लक्षित वाटा

आता तिसरी गोष्ट, जिच्यासाठी आम्ही इथवर आलो. वेळ.

विजेची मागणी दिवसभर सारखी नसते. सकाळी आणि संध्याकाळी ती चढते. जलविद्युत केंद्राचा मोठा गुण हा, की ते चटकन चालू होतं आणि चटकन बंद होतं. म्हणून ते पाणी रात्री साठवतं आणि मागणीच्या वेळी सोडतं. दिवसाच्या शेवटी तेवढंच पाणी खाली जातं, पण नदीच्या वागण्यात फरक पडतो.

कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंगला आपल्यापैकी काही जण गेले असतील. तिथे सकाळी लवकर का बोलावतात? कारण भिऱ्याच्या वीजघराचं अवजल सुटलं की नदीला पाणी येतं. तिथली होडी नदीच्या नाही, वीजघराच्या वेळापत्रकावर चालते. तिथे ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावर धंदा उभा राहिला. हेच माहीत नसेल तर? पात्रात मोटर सरकवायला उतरलेला शेतकरी, कपडे धुणाऱ्या बायका, वाळूत खेळणारी मुलं, पलीकडच्या काठावर चरायला गेलेल्या म्हशी. या सगळ्यांना दोन हात पाणी अचानक वाढणं म्हणजे काय, हे नदीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि भोंगा वाजवणारा माणूस एका राज्याचा नोकर असेल, खालचं गाव दुसऱ्या राज्यातलं असेल, तर भोंगा कुठवर ऐकू जाणार?

कोयनेत वेळेचीच दुसरी बाजू दिसते. कोयनेचं बहुतेक वीजपाणी पश्चिमेला जातं. लवादाने त्याला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. पण धरणाच्या पायथ्याशी ४० मेगावॉटचं आणखी एक वीजघर आहे. त्याचे दोन्ही संच चालवले की २१०० क्युसेक पाणी पूर्वेला कृष्णेत येतं. सांगलीला टंचाई झाली की पेपरात ही बातमी आपण वाचतो. कडक उन्हाळ्यात कर्नाटकही विनंती करतं, आमच्या काठच्या गावांसाठी पाणी सोडा. त्यांना मार्च-एप्रिलमधलं पाणी हवं असतं. ऑगस्टमध्ये तेच पाणी दिलं तर ते हात जोडून म्हणतील, आता पुरे. एकाच नदीचं एक टीएमसी ऑगस्टमध्ये संकट असतं आणि एप्रिलमध्ये वरदान.

देशांच्या पातळीवर बघायचं तर १९६० चा सिंधू करार आहे. झेलम आणि चिनाब या नद्यांचं पाणी पाकिस्तानच्या वाट्याचं, पण त्यावर वीज करायची मुभा भारताला. मग भांडण कशावर झालं? बगलिहार धरणात किती पाणी धरून ठेवता येईल यावर. तटस्थ तज्ज्ञाने २००७ साली ती क्षमता ३.७५ कोटी घनमीटरवरून ३.२५६ कोटींवर आणली. चिनाबचं पाणी वर्षाला किती जातं यावर तो वाद नव्हता. ते किती तास, किती दिवस रोखता येतं यावर होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारताने तो करार स्थगित ठेवला. त्या राजकारणात आज आम्ही शिरत नाही. आम्हाला दाखवायचं ते एवढंच, की दोन देश अर्धशतक ज्यावर घासाघीस करतात ती गोष्ट पाण्याची वेळ आहे.

लॉकचं पाणी आणि विहिरीची पाळी

इथे तत्त्वज्ञानाचा एक छोटा तुकडा. जॉन लॉक नावाचा इंग्रज विचारवंत सतराव्या शतकात मालमत्तेचा विचार करत होता. माणूस सामाईक गोष्टीतून स्वतःपुरतं कधी घेऊ शकतो? त्याचं उत्तर, दुसऱ्यांसाठी तितकंच आणि तसंच उरत असेल तेव्हा. आणि दाखला त्याने नदीचाच दिला: नदीतून एकाने पोटभर पाणी प्यायलं म्हणून दुसऱ्याचं काही जात नाही, नदी तशीच भरलेली आहे.

लॉकची नदी इंग्लंडातली होती, बारमाही. आपली नदी चार महिने उधळते आणि आठ महिने हिशेबाने चालते. आपल्याकडे 'तितकंच उरलं' हे पुरेसं नाही. तितकंच, तसंच आणि तेव्हाच उरलं पाहिजे. हा तिसरा शब्द लॉकला सुचला नाही, कारण त्याला त्याची गरज पडली नाही.

आपल्या शेतकऱ्याला मात्र तो पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या जमिनी कारखान्यांत गेल्या, त्यांच्या घरात जुने सातबारे असतील. तीन भावांची सामाईक विहीर. हिस्सा आण्यांत लिहिलेला, पण पाणी घ्यायचं ते पाळीने. सोमवार-मंगळवार थोरल्याचे, बुधवार-गुरुवार मधल्याचा, तसं. विहिरीतलं पाणी कुणी बादलीने मोजत नव्हतं. वेळ मोजत होते. भांडणं व्हायची, डोकी फुटायची, नाही असं नाही. पण भांडण कशावर आहे ते दोघांना स्पष्ट असायचं: माझ्या पाळीत तू मोटर का चालू केलीस?

आमचं आजचं म्हणणं असं, की सीमेवरच्या नदीवर वीजघर बांधायचं असेल तर टक्केवारीचा करार अर्धाच असतो. उरलेला अर्धा पाळीचा करार असतो. पहिला अर्धा मंत्री करतात, फोटो निघतात. दुसरा अर्धा राहून जातो.

इंद्रायणी सीमेवर पोचते तेव्हा

आता आपलं पाणी घेऊन खाली जाऊ. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. भीमा उजनीत थांबते. ११७ टीएमसीचं ते धरण, तिथेही १२ मेगावॉटचं वीजघर आहे. उजनीच्या खाली दोनशेहून अधिक किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात औजचा बंधारा आहे. तिथे भीमेच्या एका काठावर महाराष्ट्र, दुसऱ्या काठावर कर्नाटक. सोलापूर शहरासाठी उजनीतून नदीत पाणी सोडतात, ते वाटेतली माती, ऊन आणि मोटारी यांना आपापला वाटा देत काही दिवसांनी औजला पोचतं. पोचल्यावर दोन्ही काठांवरच्या मोटारी चालू होतात. महाराष्ट्रातून तक्रार होते, की आमचं पिण्याचं पाणी पलीकडचे उपसतात. पलीकडचा शेतकरी म्हणतो, नदी माझ्या बांधाला लागून वाहते, मी डोळे मिटून बसू का?

समजा, उद्या कुणी म्हणालं, औजला लहान वीजघर बांधू. बंधाऱ्याची उंची धरू ४ मीटर, आणि पाणी सेकंदाला ५ घनमीटर, म्हणजे पावणेदोनशे क्युसेक. हाती येतील साधारण १५० किलोवॉट. म्हणजे २०० अश्वशक्ती. म्हणजे पाच अश्वशक्तीच्या ४० मोटारी. या वीजघराची सगळी वीज दोन काठांच्या ४० मोटारींना पुरेल आणि त्या मोटारी वीजघराचंच पाणी उपसून संपवतील!

गंमत सोडा, अडचण खरी आहे. पावसाळ्यात बंधाऱ्याचे बरगे काढलेले असतात, पूर आला की खालची पातळीही चढते आणि चार मीटरचा फरक नाहीसा होतो. तेव्हा पाणी आहे, उंची नाही. उन्हाळ्यात बरगे घातलेले असतात, उंची आहे, पाणी नाही. मधल्या काळात वरून पाणी सुटेल त्या दिवशी वीज, नाहीतर टर्बाइनवर धूळ. सपाट पात्रातल्या लहान केंद्राचं अर्थशास्त्र इथेच अडतं. असं केंद्र विजेच्या पैशावर उभं राहत नाही. ते तेव्हाच शहाणपणाचं ठरतं, जेव्हा पाणी दुसऱ्या कामासाठी ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या मापाने सोडायचंच असतं. म्हणजे आधी पाळी, मग वीजघर. उलटा क्रम लावला तर वीजघर स्वतःची पाळी नदीवर लादतं.

याचं चांगलं उदाहरण सीमेलगतच आहे. दूधगंगेवर काळम्मावाडीचं धरण, पायथ्याशी २४ मेगावॉटचं वीजघर, २५ च्या मर्यादेत बसणारं. कागलजवळ दूधगंगेचा पूल ओलांडला की कोगनोळी, कर्नाटक. सीमाप्रश्न तापला की पोलीस उभे राहतात ते याच पुलावर. धरणातल्या २५ टीएमसीपैकी ४ टीएमसी कर्नाटकाचे, हे ठरलेलं आहे. शेतीचं पाणी सोडताना वीज होते. पुलावर घोषणा चालू असतानाही पुलाखालून दोन्ही राज्यांचं पाणी जात असतं. पण तिथेही इचलकरंजीला सुळकूडहून पिण्याचं पाणी न्यायचं म्हटल्यावर कागल तालुका आणि सीमाभागातली गावं रस्त्यावर आली. हे भांडण दोन राज्यांपुरतं नव्हतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातही होतं. ज्याच्या पाळीला धक्का लागतो तो भाषा पाहून विरोध करत नाही.

करारावर ज्यांची सही नसते

आणखी एक मुद्दा, आणि तो टाळून पुढे जाणं आम्हाला बरोबर वाटत नाही. करार सरकारं करतात. पाण्याखाली जातात ती गावं. मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या बरोबर मावळे उभे राहिले, ते शेवटी हरले, आणि भिऱ्याचं वीजघर झालं. तिलारीच्या धरणग्रस्तांनी नोकऱ्यांसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. त्यांची पंचाईत अशी, की बुडालेली जमीन एका राज्यात आणि पाण्याचा मोठा लाभार्थी दुसरं राज्य. दार कुणाचं ठोठवायचं?

तोतलाडोहला तर जलाशयच दोन राज्यांत. मध्य प्रदेशाने विस्थापितांना मासेमारीचे ३०५ परवाने दिले, महाराष्ट्राच्या बाजूला मासेमारीला मनाई. मासा सीमा पाळत नाही, होडीने पाळायची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९७ साली न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पाचा विचार करून अटी घातल्या, पण त्या लोकांच्या पोटाचा प्रश्न नाकारला नाही.

उंचीची किंमत महाकालीला मिळाली, कारण तिथे मागणारा एक देश होता. मुळशीला ती मिळाली नाही. मालमत्तेचा सिद्धांत कितीही सुबक असो, मागणाऱ्याच्या अंगात किती बळ आहे यावर किंमत ठरू लागली की तो सिद्धांत उरत नाही, सौदा उरतो.

विचारायचे चार प्रश्न

तेव्हा उद्या आपल्यापैकी कुणी, आणि इथे इंजिनिअर पुष्कळ आहेत, अशा एखाद्या केंद्राच्या कामाला लागलं, तर क्षमता आणि युनिटचा दर यांच्या बरोबरीने चार प्रश्न कागदावर लिहावेत, असं आम्ही सुचवतो.

पहिला: टर्बाइनमधून निघालेलं पाणी त्याच नदीत, त्याच खोऱ्यात परत जातं का? नसेल, तर 'पाणी पीत नाही' हे वाक्य अहवालातून काढा.

दुसरा: बांधाचं दुसरं टोक आणि फुगवटा कुणाच्या जमिनीत जातो? ती सात एकर असली तरी तिचा विचार सगळ्यात आधी करा.

तिसरा: सगळ्यात कोरड्या महिन्यात, सगळ्यात गरजेच्या तासाला खालच्या काठावर किती पाणी असेल? सरासरी सांगू नका. सरासरी पाण्यात म्हैस बुडत नाही आणि सरासरी पाण्यावर ऊसही जगत नाही.

चौथा: दरवाजा कधी उघडणार हे दोन्ही काठांना, दोन्ही भाषांत, आदल्या दिवशी कळतं का? हा खर्चाचा प्रश्नच नाही. एक फलक, एक भोंगा, एक मोबाईलवरचा निरोप. पण तो द्यायचा म्हणजे पलीकडच्या माणसाचा आपल्या पाण्याच्या वेळेवर हक्क आहे हे मान्य करायचं. म्हणून तो राहून जातो.

आणि हे सगळं दूर औजला किंवा कागलला घडतं असं समजून घरी जाऊ नका. इथून जवळ निघोज्याच्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवड पाणी उचलतं. ते वर आंद्रा धरणातून इंद्रायणीत सोडलेलं असतं. गाव खेडचं, नळ शहराचा. त्या बंधाऱ्याखाली आळंदीला काय पोचतं आणि कधी पोचतं, हा सीमेचाच प्रश्न आहे, फक्त मध्ये पोलीस उभे नाहीत. औजचा शेतकरी आपल्याकडे ज्या नजरेने पाहत असेल ती नजर मोशीच्या पुलावर एकदा आपणही लावून पाहावी. वर वळवणला आपण खालचे आहोत, इथून पुढे आपण वरचे.

तरुण मित्राच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. वीजघर पाणी पीत नाही, हे बहुतेक वेळा खरं. पण ते पाण्याची वेळ बदलतं. नदीकाठच्या माणसाचं जगणं पाण्याच्या मापापेक्षा त्याच्या वेळेवर जास्त चालतं. भांडण त्या पाळीचं आहे.

आता प्रश्न विचारा, आम्ही थांबलो आहोत.